खिशातली तिसरी तार

चार उशांपैकी दोनच उशांना अभ्रे चढले होते. तिसरी उशी हनुवटीखाली धरून मी अभ्र्याचं तोंड फाकवत होते, तेवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. पलीकडचं काही ऐकू आलं नाही. भाऊजी मात्र उभे होते ते मटकन खाली बसले.

"दवाखान्याच्या इमारतीत," फोन ठेवून ते म्हणाले, "दार उघडं असतानाच लिफ्ट वर गेली. तळमजल्यावरचे शिंपीकाका आत पाय टाकत होते."

"जिवंत आहेत ना रे?" सासूबाईंनी विचारलं.

"ऑपरेशन चालू आहे."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. गेली चौदा वर्षं लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. इमारतींचे वॉचमन त्यांना 'वरखाली' म्हणतात. 'वरखाली आला, आता तासभर जिने चढा,' असं म्हणून हसतात आणि चहाही पाजतात. माणूस कामाला वाघ आहे. नुसता आवाज ऐकून कुठला पट्टा झिजलाय ते सांगतात. त्याच इमारतीची लिफ्ट त्यांनी परवा दुरुस्त केली होती.

खाली बसल्या बसल्याच त्यांनी पँटच्या खिशात हात घातला. वीतभर लांबीच्या लाल तारा बाहेर काढल्या, दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या. तळहातावर ठेवून मोजल्या. "एक, दोन, तीन." चेहऱ्यावर रंग परत आला. "तिन्ही आहेत. माझं काम नाही हे."

या तारांचं प्रकरण मला त्यांनीच एकदा समजावून दिलं होतं. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही. पण दुरुस्ती करताना दार उघडं ठेवूनच ती चालवून बघावी लागते. म्हणून दाराच्या बटणावर ही तार लावून लिफ्टला फसवायचं. काम झालं की तार काढायची. प्रत्येक कारागिराकडे तीनच तारा. इमारतीतून निघण्याआधी त्या हातावर मोजायच्या आणि तिथल्याच रजिस्टरात लिहायचं, तीन नेल्या, तीन परत. एक जरी कमी भरली तर ती दारावरच राहिली समजून परत वर जायचं.

माझ्या हातातून उशी केव्हा खाली पडली मला कळलं नाही. देवाचं नाव घ्यायला गेले तर पहिल्या अक्षरालाच जीभ अडखळली. कारण परवा संध्याकाळी ती पँट धुवायला घेताना खिशात तारा दोनच होत्या.

तेव्हा मी सासूबाईंना दाखवल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पडली असेल कुठेतरी. त्याला सांगू नकोस, जीव काढील स्वतःचा. नाहीतर साहेबाच्या शिव्या खाईल. त्याच्या हत्यारांच्या पेटीत जुनी एक आहे, ती ठेव." मी ठेवली. धुतलेल्या पँटच्या खिशात तीन तारा नीट घडी करून ठेवल्या, आणि रात्री माझ्या रोजच्या वहीत लिहिलं की आज कुणाचं मन दुखावलं नाही.

काल सासूबाईंच्या गुडघ्यासाठी आम्ही दोघी त्याच लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो. आमच्यासोबत तान्हं बाळ घेतलेली एक बाई होती. ती दाराला टेकून उभी होती.

या घराची ही सवय जुनी आहे. भाऊजी लहान असताना काही फुटलं की सासरे पट्टा काढायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, मांजरानं पाडलं. आमच्या घरात मांजर कधी नव्हतंच. पुढे लिफ्ट निरीक्षकाच्या परीक्षेला भाऊजी ऐनवेळी गेले नाहीत, तेव्हा 'ताप होता' असं सगळ्यांना सांगितलं गेलं. ते मीही सांगितलं, माझ्या माहेरीसुद्धा. लग्न ठरत होतं ते मोडलं, तेव्हा पोरीकडचे लोक वाईट निघाले. भाऊजींचं कधी काही चुकलंच नाही.

"साहेब म्हणतात पोलीस चौकीत येऊन जबाब दे," भाऊजी सांगत होते. "वॉचमनला सकाळीच बसवून ठेवलंय. दार लावायचं काम त्याचंच. म्हातारा रडतोय म्हणे. पण मी काय करणार? माझ्या तारा माझ्याकडे आहेत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मी सतरा वर्षं पाळत आले आहे.

"भाऊजी," मी म्हटलं, "त्यातली एक मी ठेवलेली आहे."

"म्हणजे?"

"परवा दोनच होत्या. तिसरी पेटीतली आहे."

सगळेच एकदम बोलायला लागले.

"तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?" आमचे हे माझ्यावर ओरडले.

"मी सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोराला मी नाही सांभाळायचं तर कुणी?"

"सांभाळलंस? लाडानं वाया घालवलास त्याला! बाबांनी दोन फटके दिले की तू तिथे आडवी."

"दोन? तुझ्या बापानं पट्ट्यानं सोलला त्याला! त्या भीतीनं खोटं बोलायला शिकला तो. आणि तू मोठा भाऊ, तू काय केलंस? दाराआड लपायचास!"

"मी आठ वर्षांचा होतो, आई!"

मेलेले सासरेही त्या खोलीत येऊन बसल्यासारखे वाटले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. वाटलं, आता पोलीस घरी येतील, मला विचारतील, बाई, तार कुणी ठेवली? आणि मी काय सांगेन?

"वॉचमनचं नाव आलंच आहे," आवाज खाली आणून हे म्हणाले. "आणि तारेवर काही नाव लिहिलेलं नसतं. तीन तारा दाखव आणि ये परत."

"हो रे बाळा," सासूबाई म्हणाल्या. "कुणाला कळणार आहे?"

भाऊजी तारांकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. इतका घाबरलेला मोठा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही ठेवली नसती तर काल सकाळी मला कळलं असतं."

"हो." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"धावत गेलो असतो मी."

"हो, भाऊजी."

"ऐकलंस?" सासूबाईंना जणू आधार सापडला. "बघ, तुझी चूक नाहीच. ही चूक—"

"आई, थांब." भाऊजींचा आवाज चिरकला. "तारा घरी मोजायच्या नसतात. तिथे मोजायच्या असतात, लिफ्टसमोर. मी मोजल्या नाहीत. वर चढायच्या आधीच रजिस्टरात लिहून टाकलं, तीन नेल्या, तीन परत. नेहमीच तसं लिहितो. सही माझी आहे. तिथे ना तू होतीस, ना वहिनी, ना बाबा."

"नोकरी जाईल रे! आत टाकतील तुला!"

"टाकतील." ते उठले. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. "मला भीती वाटतेय, आई. खूप वाटतेय. काका गेले तर काय, ते मनातसुद्धा आणवत नाही."

आमचे हे चपला शोधायला लागले. भाऊजींनी मान हलवली. "दादा, तू नको येऊस. तू आलास की माझ्या वतीनं बोलायला लागशील."

सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. भाऊजींनी एकेक बोट हळूच सोडवलं. मी म्हटलं, मी माझा जबाब वेगळा देईन, मला बोलावलं तर. नाही बोलावलं तरी देईन. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं की कशानं, ते मला आत्ता लिहितानाही सांगता येत नाही. हॉस्पिटलातून अजून काही कळलेलं नव्हतं.

भाऊजी जिना उतरले आणि चौकीत जबाब द्यायला गेले.