तात्यांच्या चपला आणि शेठांची पैंजणं

आधीच माफी मागते. लिहिणं हे आमच्या घरातल्या कुणाचं काम नव्हे. कॉलेजात आलेली मी घरातली पहिली, आणि अजूनही वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की मी मागच्या बाकावर सरकते. वाक्य कुठं तोडायचं, कुठं जोडायचं ते मला नीट येत नाही. शिवाय जे सांगणार आहे ते मोठं नाही. कुणी मेलं नाही. कुणाचं घर जळलं नाही. लहान मुलींच्या एका सौंदर्यस्पर्धेत जे झालं तेवढंच आहे. तेवढ्यासाठी कागद कशाला घ्यायचा, असं मला फार दिवस वाटत होतं.

स्टेज. डोळ्यांवर दिवा. अंगात शेजारच्या काकूंच्या मुलीचा गुलाबी फ्रॉक, मागून टाचण्या लावून घट्ट केलेला. गालावर पावडर. छातीवर नंबर. मी दुसरीत होते. कोल्हापुरातलं मोठं मंगल कार्यालय होतं आणि सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. माईकवरचा माणूस म्हणाला, "चालून दाखव बाळ." मी चालले. पायातली पैंजणं वाजली. लोक कौतुकानं हसले. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

पुढच्या रांगेतून चांदीच्या पेढीचे शेठ उठले.

"थांब थांब. पायात काय हाय बघू."

ते स्टेजवर आले. वाकून बघितलं. मग माईकवाल्याकडं वळून हसले.

"अवो, हा माल माझा हाय!"

हॉल हसला. मघासारखंच हसला, म्हणून मीही हसले. मला वाटलं, हेही कौतुकच आहे.

"कुणाची पोरगी ही?"

मधल्या रांगेत आई उभी राहिली. पदर तोंडाशी धरून नुसती उभी. शेठांची नजर तिच्यावरून मागं दारापर्यंत गेली. दाराशी तात्या होते, माझे वडील. शेठांच्याच कारखान्यात कामाला.

"व्हय रं, तुझी हाय व्हय? मग काढ की. का मी काढू?"

तात्या सगळ्या खुर्च्यांमधून चालत आले. स्टेजखाली चपला काढल्या. वर चढून माझ्या पायाशी बसले. पैंजणाची कडी घट्ट असते, नखानं उचकटावी लागते. तात्यांचा जन्म चांदीत गेलेला, पण त्यांना ती कडी उघडेना. मी खाली बघत होते. मला त्यांच्या डोक्याचा मधला भाग दिसत होता, केस विरळ झालेला. इतक्या वरून मी तात्यांना कधी बघितलं नव्हतं.

पैंजणं निघाली. तात्यांनी ती दोन्ही हातांवर धरून पुढं केली. मागोमाग वर आलेल्या शेठांच्या बायकोनं पर्समधून रुमाल काढून पसरला. त्यांना सगळे वहिनी म्हणत. स्पर्धा भरवणाऱ्या महिला मंडळाच्या त्याच अध्यक्ष.

"ह्यात टाक," वहिनी म्हणाल्या. मग शेजारच्या बाईला हळूच, पण माईक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, "आता परत पॉलिशला टाकायला लागणार. यांच्यातल्यांनी घातलेलं कोण घेईल?"

माईकवरचा माणूस म्हणाला, "पुढचा नंबर."

हे कसं झालं ते सांगायला पाहिजे. आम्ही हुपरीचे. आमच्याकडं चांदीचं काम घराघरांत चालतं. एका घरात तार ओढतात, दुसऱ्या घरात साखळी होते, तिसऱ्या घरात घुंगरं जोडतात. पेढीवर पोचेपर्यंत एक पैंजण अर्धं गाव फिरून आलेलं असतं. शेठांची पेढी कोल्हापुरात, कारखाना हुपरीत. तात्या तिथं भट्टीवर चांदी आटवायचे. आई घरी बसून घुंगरं जोडायची. पत्र्याच्या डब्यातून माल वजनावर यायचा आणि वजनावरच परत जायचा. आमचं घर बौद्धांचं. शेठांच्या घरी आम्हाला चहाचा कप वेगळा होता. चांदीला मात्र तसलं काही नव्हतं. आईच्या हातची घुंगरं सगळ्यांच्या पायात वाजायची.

अशा घरांत एक नियम असतो. कामाला आलेला माल अंगाला लावायचा नाही. मी एकदा खेळता खेळता पैंजण पायाला लावून बघितलं होतं, तर आईनं हातावर फटका मारला होता. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरी चांदीच्या ढिगाशेजारी वाढल्या आणि सगळ्यांचे पाय मोकळे.

त्या दिवसांत आपल्या देशातल्या मुली जगात सुंदर ठरल्या होत्या. टीव्हीवर तेच, पेपरात तेच. मग छोट्या मुलींच्या स्पर्धा निघाल्या. वहिनींच्या मंडळानंही काढली. ते कारखान्यातून आईच्या कानावर आलं.

"पोरीला न्यायची," आई म्हणाली.

"कशाला?" तात्या म्हणाले. "म्हशीचं दात बघत्यात तशी आपली पोरगी बघायची? आन् मार्क कोण देणार? ज्यांच्या दारात आपण चपला काढून हुबं ऱ्हातो, ती?"

"मग दारातच ऱ्हायचं व्हय जल्मभर? लोकांनी बघू दे की तिला. माज्याकडं कुणी कधी बघितलंच न्हाई."

"मी बघतोय न्हवं पोरीकडं? तेवढं बास हाय."

"तुमास्नी न्हाई कळायचं."

आईचं काय होतं ते मला पुढं कळलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आई सगळ्यांत चांगली नाचायची, पण तिला मागच्या रांगेत ठेवलं. पुढं गोऱ्या पोरी घ्या, असं बाई म्हणाल्या होत्या. एवढंच. पण ते तिच्यात बसलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी डब्यात एक तयार जोड होता, दुसऱ्या दिवशी जाणारा. मला फ्रॉक घालून झाल्यावर आई थोडा वेळ डब्याकडं बघत बसली. मग तो जोड तिनं माझ्या पायात चढवला आणि ओठांवर बोट ठेवलं. "घातल्यानं चांदी झिजती व्हय? आल्यावर काढून ठेवू." तिला वाटलं, एवढ्या पोरींत पायाकडं कोण बघतंय? पण सराफ आधी पायच बघतो. तात्यांना काही माहीत नव्हतं. नको नको म्हणत तेही शेवटी आमच्याबरोबर आले होते, बायकोनं एकटीनं कोल्हापूरला कसं जायचं म्हणून. स्टेजवर घुंगरं वाजली तेव्हा त्यांना कळलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मारा मला." तात्यांनी हात उचलला नाही. भिंतीला टेकून बसले.

"चुकलं ते पैंजणाचं," आई म्हणाली. "न्हेली ते न्हाई चुकलं."

"न्हेली तेच चुकलं," तात्या म्हणाले.

ही दोन वाक्यं आमच्या घरात पुढं कितीतरी वर्षं तशीच पडून राहिली. कुणी मागं घेतली नाहीत. मला अजून सांगता येत नाही कोण बरोबर होतं. आईला मी दिसायला हवी होते. तात्यांना मला झाकून ठेवायचं नव्हतं, फक्त त्या माणसांच्या हातात मला द्यायचं नव्हतं. दोघांची माया होती आणि दोघांचं काही चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. मग आई मला घेऊन शेठांच्या घरी गेली. वहिनींच्या पाया पड म्हणाली. मी वाकले. वहिनी मागं सरकल्या. "असू दे, असू दे. लांबूनच." त्यानंतर डबा यायला लागला.

पुढं माझ्या पाठीवर बहीण झाली. मी बारावी झाले, कोल्हापूरला होस्टेलवर आले. तिथं माझ्या खोलीत चंदगडची एक मुलगी होती. कमी बोलायची. एकदा मी तिला हे सगळं सांगितलं. कुणाला सांगायची ती पहिलीच वेळ. वाटलं, ती शेठांना शिव्या देईल, नाहीतर माझ्यासाठी रडेल. तिनं एवढंच विचारलं, "मग तुझ्या वडलांनी चपला का काढल्या?"

मी आठवून बघितलं. त्या स्टेजवर बाकीचे सगळे बूट घालून वावरत होते. माईकवाला, शेठ, फोटोवाला. वहिनींच्या सँडल टकटक वाजत होत्या. देऊळ नव्हतं ते, लाकडी फळ्या होत्या. इतक्या वर्षांत मला रुमाल आठवत होता, हशा आठवत होता. चपला दिसल्याच नव्हत्या.

सुट्टीत घरी गेल्यावर मी तात्यांना तेच विचारलं. ते डोकं खाजवत बसले. "सवय असती," म्हणाले. नंतर त्या दिवशी जेवले नाहीत.

गेल्या वर्षी वहिनींनी कारखान्यात तात्यांजवळ निरोप दिला. पोरगी कॉलेजात हाय म्हणं, स्पर्धेला पोरी सांभाळायला पाठवा, साडी आम्ही देऊ. मी घरी गेले तेव्हा तात्यांनी मला निरोप सांगितला. मी पेढीवर गेले. दारात चपलांचा ढीग होता, आमच्यासारख्यांचा. गिऱ्हाईकं आत बूट घालून बसली होती, वहिनी गादीवर. मी चपला काढल्या नाहीत.

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"का गं? परीक्षा हाय?"

"नाही. त्या स्टेजवर माझ्या वडलांना माझ्या पायाशी बसवलं होतं."

"अगं बाई! ते अजून मनात हाय व्हय? आणि चूक कुणाची होती गं?"

"पैंजण घातलं ही चूक आईची," मी म्हणाले. "रुमाल तुमचा होता."

वहिनी हसल्या. "कॉलेजात गेलं की जिभेला धार येती. असू दे. धाकटी हाय न्हवं तुझी? गोड हाय म्हणं. तिला पाठवायला सांगते तुझ्या आईला."

पेढीची पायरी उतरेपर्यंत मला ताठ वाटत होतं. रस्त्यावर आल्यावर कळलं. मी नाही म्हणाले आणि त्या बाईनं हसत हसत माझ्या बहिणीकडं बोट केलं.

शेजाऱ्यांच्या फोनवर मी आईला बोलावून घेतलं. धाकटीला नेऊ नकोस म्हणाले. पाया पडते म्हणाले.

"तुला कॉलेज मिळालं," आई म्हणाली. "तिला एक दिस मिळू दे की. आन् पेढीवर काय बोलून आलीस ते हितं सगळ्यास्नी कळलंय. चूल हितं पेटवायची असती, होस्टेलवर न्हाई."

मी फोन धरून राहिले. शेवटी तीच म्हणाली, "बरं, न्हाई न्हेत. झालं?"

मी विश्वास ठेवला.

स्पर्धा झाली. ते मंगल कार्यालय माझ्या होस्टेलपासून चालत जायच्या अंतरावर आहे. त्या रविवारी दुपारी मी मागच्या नळावर कपडे धूत होते. आई आणि धाकटी मी राहते त्याच गावात येऊन गेल्या आणि मला कळलं नाही.

मग काही दिवसांनी रेक्टरबाईंनी हाक मारली, फोन आहे. तात्या होते. तात्यांनी आजवर कधी फोन केला नव्हता. मागं एसट्यांचा आवाज येत होता.

"तात्या, कुठनं बोलताय?"

"कोल्हापुरातनं. स्टँडवरनं. तुझी आई धाकटीला घेऊन गेलती त्या स्पर्धेला."

ते सांगत गेले, एकेक वाक्य, मधे थांबत. आईनं या वेळी पोरीच्या पायात काही घातलं नव्हतं. पाय मोकळे ठेवले होते. आणि धाकटीचा नंबर आला. दुसरा. वहिनींनी तिन्ही पोरींच्या पायात पेढीवरची पैंजणं घातली. फोटो काढले. मग बाकीच्या दोघींच्या आयांना म्हणाल्या, राहू द्या, घालूनच घरी जावा. आणि आईला म्हणाल्या, "तुमच्या हिची काढा. फोटोपुरती होती. तुमच्या घरात काय पैंजणांना तोटा हाय? डबाभर असत्यात की!"

हॉल हसला.

आई स्टेजवर गेली. धाकटीच्या पायाशी बसली. कडी उघडून पैंजणं काढली आणि दिली. वहिनींनी या वेळी हातात घेतली. रुमाल काढला नाही. इतकी वर्षं गेली, त्यात एवढा बदल झाला.

"आल्यावर बोललीच न्हाई," तात्या म्हणाले. "धाकटीनं सांगितलं मला. आईला खाली बसवलं म्हणाली." मग पुढं म्हणाले, "आज सकाळी डबा आला. तुझ्या आईनं उघडला न्हाई. दारातच ठिवला. म्हणाली, नेऊन द्या. परत आणायचा न्हाई."

"मग?"

"दिला की नेऊन. भट्टी बी सोडली म्हणून सांगितलं."

"तात्या, आता घरात काय शिजवायचं?"

"ते म्हाईत न्हाई," तात्या म्हणाले. "बघायला लागंल. दुसरं कोण काम देतंय का न्हाई, ते बी म्हाईत न्हाई. तू कॉलेज सोडायचं न्हाईस. गाडी लागलीया. ठिवतो."

त्यांनी ठेवला नाही.

"पेढीवर पार गादीपातूर गेलतो," ते म्हणाले. "चपला काढल्या न्हाईत."