जावयाच्या ट्रगीचं सीमोल्लंघन

हसायचं तर कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता.

मी आर्णीचा. वय विचारू नका, छंद ऐकून उगाच हिशोब लावाल. माझ्याकडे नायट्रो ट्रगी आहे. म्हणजे रिमोटवर धावणारी हातभर लांब गाडी. खेळणं म्हणायचं नाही हं! तिला खरं इंजिन आहे, खरं इंधन लागतं, खरा धूर निघतो. फक्त रिव्हर्स नाही. ब्रेक आहे, रिव्हर्स नाही. एवढं लक्षात ठेवा.

माझा धाकटा साळा विलास बाभुळगावला असतो. त्याची ट्रगी बॅटरीवाली. ना आवाज, ना धूर, आणि दर वेळी माझ्या पुढे! शेवटी मी मोठं इंजिन बसवलं. त्याच्या जोरानं पहिल्याच दिवशी डिफरन्शियलचे दात पडले. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची डबी. एक पुढे असते, एक मागे. मग दणकट डिफरन्शियल मागवली. ती आली नेमकी दसऱ्याच्या तोंडावर, आणि दसरा होता सासुरवाडीला, बोरी अरबला. गेलो खोललेली गाडी घेऊन.

तिथे आदल्या दिवशी जेवताना माझी जीभ सैल सुटली. म्हटलं, "विलास, उद्या सीमोल्लंघनाला शर्यत! शिवेवरची रेघ जो आधी ओलांडेल तो जिंकला. हरला त्यानं सोनं द्यायचं आणि सगळ्यांसमोर पाया पडायचं."

"काहीतरीच काय भाऊजी!" विलास म्हणाला. "तुम्ही हरले तर? जवाई कुठं साळ्याच्या पाया पडते का?"

"हरतो कशाला?"

माझी बायको सुनंदा वाढता वाढता थांबली. तिनं माझ्याकडे फक्त पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या नजरेचा अर्थ मला नेहमी उशिरा कळतो.

दसऱ्याच्या सकाळी दोन्ही डिफरन्शियल ओसरीवर कागदावर मांडली. ही डबी दोन्हीकडून सारखीच बसते. उलटी बसली की चाकं उलटी फिरतात. म्हणून मी अगदी जशी बसवायची तशी नीट मांडली आणि हात धुवायला गेलो. परत येतो तो कागद रिकामा!

डिफरन्शियल पाटावर होती. पाना, पेचकस, विळा यांच्या रांगेत, झेंडूची फुलं घालून. समोर सासूबाई हात जोडून.

"जवाईबापू, यंत्र हाय ना? मंग आज पूजा कराच लागते!"

आता सासूबाईंना काय बोलणार? मीही नमस्कार केला. डब्या परत मिळाल्या तेव्हा प्रत्येकीच्या एका बाजूला कुंकवाचं बोट होतं, आणि माझ्या डोक्यात मात्र काहीच उरलं नव्हतं. कोणती बाजू कुठे?

गाडीबरोबरचं पुस्तक आर्णीला. विलासला विचारावं? मेलो तरी नाही! मग मी विचार केला, आणि इथेच चुकलो. म्हटलं, आपल्यात शुभ ते उजव्या हाताला. इंजिन पोटाशी धरून पुढची डबी बसवली, कुंकू उजवीकडे. गाडी फिरवून मागची बसवली, कुंकू उजवीकडे. गाडी उचलून इंजिन चालू केलं. चारही चाकं गरगर फिरली. कोणीकडे फिरली, हे कोण बघतं?

संध्याकाळी शिवेवर अर्धं गाव. समोर थोड्या अंतरावर चुन्याची रेघ ओढली होती. आमच्या मागे सासरे खुर्चीवर, त्यांच्यासमोर चादरीवर आपट्याच्या पानांचा ढीग.

सासऱ्यांनी रुमाल खाली केला. विलासची ट्रगी सुळकन पुढे गेली. मी रिमोट दाबला आणि माझी ट्रगी... मागे!

मला वाटलं, घसरली. अजून दाबलं. ती अजून जोरात मागे! इंजिन काय दमदार होतं म्हणून सांगू! सासऱ्यांचं सोनं उधळून ती खुर्चीखालून निघाली. सासऱ्यांनी पाय वर घेतले.

"अगा, आवर तिले!" ते ओरडले.

आवरायला ब्रेक होता हो! पण ती पुढे यावी म्हणून मी आपला दाबतोच आहे, दाबतोच आहे. बाया लुगडी सावरत पांगल्या. शेवटी ट्रगी तुरीत घुसली आणि बंद पडली.

"काहून उलटी गेली वो?" सासूबाईंनी विचारलं.

मी कुंकवाची गोष्ट सांगितली. त्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "अवो, दात्याकडे तेल होतं! मी कोरड्या जाग्यावर लावलं!" म्हणजे उजवीकडे हवे होते दाते, आणि मी बसवली होती दात्यांच्या उलटी बाजू!

विलास बिचारा हसला नाही. ते जास्त लागलं. मी पानं उचलली, त्याच्या हातात दिली आणि वाकलो.

"राहू द्या ना भाऊजी, कायले!" म्हणत तो मागे सरकला.

मी शब्दाचा पक्का. तसाच वाकून पुढे. तो अजून मागे, मी अजून पुढे. लोक बाजूला होऊन वाट देत होते. सरकता सरकता पावलांखाली पांढरं काहीतरी दिसलं. चुन्याची रेघ! ती ओलांडून पलीकडे गेल्यावर कुठे त्याचे पाय हाताला लागले.

म्हणजे माझं सीमोल्लंघन झालं बरं का! फक्त ओणव्यानं.