नेस्टा हेन्द्रेचे क्लॅम्प

बादलीतले निम्मे बटाटे सोलून झाले होते आणि निम्मे मातीसकट तसेच पडले होते. नेस्टा प्यूने सुरी हातातून खाली ठेवली आणि समोर बसलेल्या बेटीला विचारलं, "कसलं बक्षीस?"

बेटी ही तिची नणंद, डोंगराच्या पलीकडच्या कुशीतली. लोकर कातरणीच्या दिवशी स्वयंपाकाला हातभार लावायला सकाळीच यायची. हात चालायचे तशी जीभही चालायची, आणि आज ती हातापुढे गेली होती.

"अगं बाई," बेटी म्हणाली, "म्हणजे तुला ठाऊकच नाही?"

"काय ठाऊक नाही?"

"जाऊ दे. पाणी उकळलं वाटतं."

"पाणी मरू दे. तू म्हणालीस, एमरिसच्या बक्षिसाचे क्लॅम्प म्हणून यंदा आपल्या कोठाराला शोभा आलीय. कसलं बक्षीस?"

मग बेटीने सांगितलं. दुसरं करणार काय? मागच्या ऑगस्टमध्ये खोऱ्याचं प्रदर्शन भरलं, तेव्हा नेस्टा बहिणीच्या आजारपणात लिव्हरपूलला होती. शेतावर उपयोगी पडणारी, स्वतः बनवलेली वस्तू, असा एक वर्ग असतो. त्यात तानग्राइग शेतावरच्या एमरिसने कातरणीच्या मशिनची वायर वर टांगून धरणारे चार क्लॅम्प मांडले, एका लाकडी फळीवर, खाली हिरवी बनात घालून. त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. पहिल्याचं लाल कार्ड त्याच्या स्वयंपाकघरात कपबश्यांच्या फडताळावर, मधल्या खणात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं उभं होतं. सबंध हिवाळाभर होतं. नेस्टा सोडून खोऱ्यातल्या प्रत्येक बाईने त्या फडताळासमोर बसून चहा प्यालेला होता.

"आणि एकीनेही मला सांगितलं नाही."

"तुला वाईट वाटेल म्हणून गं."

"मला वाईट वाटेल म्हणून! माझी वस्तू चोरीला गेली हे मला कळू नये, म्हणून सगळ्या बायकांनी जीभ आवरली. एरवी माझ्या ब्रेडमध्ये मनुका कमी पडल्या तर रविवारी चॅपेलच्या दारातच कळतं मला!"

आमच्याकडे माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही. आडनावं मोजून पाच-सहा, प्यू आणि ईव्हान्स आणि जोन्स, तीच सगळ्या खोऱ्यात वाटलेली. म्हणून माणूस शेताच्या नावाने ओळखायचा. नेस्टा हेन्द्रे म्हणजे हेन्द्रे शेतावरची नेस्टा. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने शेलाटी, हाताने जाड. चॅपेलच्या गाण्यात तिचा आवाज खालच्या पट्टीत असतो. पुढे होऊन बोलायची तिला सवय नव्हती. पण बोटं कधी स्वस्थ नसायची. कुठे काही अडत असलं की तिला ते बघवत नसे.

खोऱ्यात वीज आली आणि दोन-तीन वर्षांत हातकात्र्या जाऊन मशिनं आली. मशीन आलं तशी वायर आली, आणि ती कोठाराच्या जमिनीवर पडू लागली. जमीन कसली, मेंढ्यांचं मूत आणि लोकरीचं तेल. एका वर्षी एक मेंढी ग्विलिमच्या, म्हणजे नेस्टाच्या नवऱ्याच्या, गुडघ्यांतून निसटली, वायरीत पाय अडकून गिरकी मारली, मशीन त्याच्या हातातून हिसकलं आणि डावा तळवा करंगळीपासून अंगठ्यापर्यंत फाटला. परमेश्वराची कृपा म्हणून वायर तुटली नाही. तुटली असती तर त्या ओल्यात दोघंही गेले असते, मेंढी आणि माणूस.

त्या रात्री जखम धुताना नेस्टाने मनाशी ठरवलं की पुढच्या वर्षी हेन्द्रेच्या कोठारात वायर जमिनीला लागता कामा नये. कोठाराच्या तुळईखालून विजेच्या तारांचा लोखंडी पाइप गेला होता. आधी तिने वायर त्याला सुतळीने बांधून पाहिली. सुतळी घसरली. तुळईला खिळे मारले, तर खिळ्याने वायरीचं कातडं सोललं. पाइपला भोक पाडावं तर आत पाणी जाणार. मग एक दिवस छताच्या हुकाला खारवलेल्या डुकराची मांडी टांगताना तिच्या मनात आलं, की हूक छताला नको, पाइपलाच चावला पाहिजे. पण दात न लावता. ओट्यावरच्या पिठात बोटाने आकृती काढून तिने हेफिन लोहाराला बोलावून दाखवली.

"हा काय खेकडा आहे का?" हेफिन म्हणाला.

"हो, खेकडाच. वरच्या नांग्या पाइपला धरणार. खाली कडी, ती फिरती हवी, माणूस वळेल तशी वळणारी. आणि कडीत वायर."

पहिल्याने वायरीलाच चावा घेतला. दुसरा पाइपवरून घरंगळत गेला. मग नेस्टाने दूध काढायच्या मशिनची जुनी रबरी नळी कापून कडीच्या आत बसवली, आणि तिसऱ्याने घट्ट धरलं. बोल्ट हाताने आवळायचा, पान्याची गरज नाही. वायरीला ओढ बसली तर ती कडीत थांबायची, प्लगपर्यंत जायची नाही. असे चार क्लॅम्प झाले. कातरणी आज या शेतावर, परवा त्या शेतावर, माणसं तीच आणि मशिनंही तीच; म्हणून क्लॅम्पही एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाऊ लागले. दोन वर्षांपूर्वी हेफिन वारला. त्या पिठातल्या खेकड्याचा साक्षीदार त्याच्याबरोबर मातीत गेला.

आता सगळ्यात झोंबणारी गोष्ट. मागच्या वर्षी एमरिसने क्लॅम्प परत पाठवले ते सप्टेंबरात, तेलपाणी करून, वर लाल रंग देऊन. नेस्टाला वाटलं, काय हा शेजारी! चॅपेलचा कारभार बघणारा पंच उगाच नाही झाला! तिने त्याच्या घरी मनुकांचा अख्खा ब्रेड पाठवला होता, आभार म्हणून.

"माझा ब्रेड खाल्ला त्याने," ती बेटीला म्हणाली. "त्या कार्डासमोर बसून, लोणी लावून खाल्ला!"

ग्विलिम अंगणात मेंढ्या आत वळवत होता. ती ओल्या हातांनी तशीच गेली.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

ग्विलिमला काय ते विचारावं लागलं नाही. त्याने कुत्र्याकडे बघितलं. "कातरणी होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग बघू."

"कोणती कातरणी? मागची तर होऊन गेली."

"नेस्टा, आपण दोघंच. एमरिस आला नाही तर त्याचे सोबती येणार नाहीत. मेंढ्या कोण कातरणार, तू?"

"म्हणून तुम्ही ऑगस्टपासून गप्प बसलात."

"भांडण होऊ नये म्हणून."

"माझ्याशी झालं तर चालतं."

एवढ्यात शेताच्या वाटेने माणसं वर येताना दिसली. पुढे एमरिस, उंच, टोपी मागे सारलेली, खांद्यावर मशिनची पिशवी. खोऱ्यात त्याच्याइतका झपाट्याने कातरणारा कोणी नाही हे त्याचा शत्रूही कबूल करील. मागे म्हातारा इद्वल आणि आणखी चार-पाच जण. आणि चॅपेलचे नवे तरुण पाळकसाहेब, लोकर गुंडाळायला मदत करायला आलेले, नवे कोरे रबरी बूट घालून.

"काय नेस्टा," एमरिस म्हणाला, "खीर आहे ना आज? वरची खरपूस साय माझी हं."

"आहे," नेस्टा म्हणाली आणि आत वळली. बटाटे तसेच राहिले होते. तिने उरलेले सोलले, पण सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता.

चहा घेऊन ती कोठारात गेली तेव्हा काम जोरात चाललं होतं. चार मशिनं घुंघुं करत होती, आणि चार वायरी पाइपवरून, तिच्या खेकड्यांच्या कड्यांतून, सरळ खाली माणसांच्या हातांत उतरल्या होत्या. जमिनीवर एकही नाही. एमरिस पाठ सरळ करायला थांबला होता आणि पाळकसाहेब मान वर करून बघत होते.

"फारच सोपं आहे हो," पाळकसाहेब म्हणाले. "आणि फारच छान. तुम्हाला सुचलं कसं?"

"झोप येत नव्हती एकदा," एमरिस म्हणाला. "पडल्या पडल्या विचार करत होतो. तेव्हा."

"मी रविवारी मुलांना हे सांगणार आहे. वरून धरलेलं माणूस कसं सुरक्षित असतं, याचं उदाहरण म्हणून. तुमचं नाव घेऊन सांगू ना?"

"सांगा की. मुलांच्या भल्याचं असेल तर सांगा."

नेस्टा किटलीतून कप भरत राहिली. ग्विलिम तिथेच होता, मेंढी धरून. त्याने मान खाली घातली. दहा आज्ञांपैकी आठवी चोरीची आणि नववी खोट्या साक्षीची, हे चॅपेलमधल्या सगळ्यांत लहान मुलालाही येतं. आणि इथे मंडळीचा पंच दोन्ही एका श्वासात मोडून पाळकांच्या हातून कप घेत होता, दोन चमचे साखर घालून.

ती रिकामी किटली घेऊन स्वयंपाकघरात परतली. मशीन चालू असताना कातरणाऱ्याशी भांडायचं नसतं, मेंढी कापली जाते.

कातरणीच्या जेवणाची आमच्याकडे रीत ठरलेली आहे. पहिल्या पंगतीला कातरणारे, दुसरीला मेंढ्या धरणारे आणि लोकर गुंडाळणारे, आणि उरल्यासुरल्याला बायका. टेबलाच्या टोकाला सर्वांत तरबेज कातरणारा बसतो. कोणी शिकवत नाही, कोणी मोडत नाही. पाहुणे म्हणून पाळकसाहेब पहिल्या पंगतीत होते, आणि घरधनी म्हणून ग्विलिमही. मांस, बटाटे, वाटाणे मांडून झाले. पाळकांनी डोळे मिटून हात जोडले.

तेव्हा नेस्टाने कमरेचा एप्रन सोडला, भिंतीजवळची खुर्ची ओढून आणली आणि इद्वल आणि पाळकसाहेब यांच्या मधे, पहिल्या पंगतीत, ती बसली.

पाळकांनी एक डोळा उघडला.

"काय झालं, नेस्टा?" एमरिस टोकावरून म्हणाला. "पाय दुखायला लागले?"

"पाय ठीक आहेत. प्रार्थनेआधी एक विचारायचंय. ते क्लॅम्प कोणाचे, एमरिस?"

"अगं, अन्नावर बसून कसले वाद?"

"म्हणून तर आधी विचारतेय. देवाचे आभार मानून झाल्यावर या टेबलावर खोटं बोललेलं मला चालणार नाही."

"क्लॅम्प सगळ्यांचे आहेत," एमरिस म्हणाला. त्याने इतरांकडे पाहिलं. "सगळ्या शेतांवर फिरतात. सगळ्यांचं ते एकाचं कसं?"

"वापर सगळ्यांचा. कार्ड मात्र तुमच्याच फडताळावर."

"प्रदर्शनवाल्याने नाव विचारलं, मी सांगितलं. वस्तू माझ्या हातात होती. तू इथे नव्हतीस. आणि मग लोक हात मिळवायला लागले, तेव्हा काय म्हणू? परत घ्या म्हणू?"

"हो! तेच म्हणायचं होतं."

"लोहाराने घडवलेली वस्तू ती. हेफिन असता तर त्याने सांगितलं असतं कोणाची."

"हेफिन नाही, म्हणूनच तुम्ही त्याचं नाव घेताय."

कोणी काट्याला हात लावेना. खिडकीतून डोंगरावर ढग उतरताना दिसत होते आणि बाहेर अंगणात निम्म्या मेंढ्या अजून लोकरीतच उभ्या होत्या. ओली लोकर कातरता येत नाही. प्रत्येकाला हे दिसत होतं. ग्विलिमला सगळ्यांपेक्षा जास्त.

त्याने आपला डावा हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. व्रण पांढरा होता.

"तिचे आहेत," तो म्हणाला. "याच ओट्यावर, पिठात काढले होते. मी बघितलंय. ऑगस्टपासून मला माहीत आहे आणि मी मेंढ्यांसाठी गप्प बसलो. लाज वाटते मला."

एमरिस उठला. खुर्ची मागे आपटली. "तर मग तुमच्या मेंढ्या तुम्हीच कातरा," तो म्हणाला, आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने तो कोठारातून पिशवी घेऊन वाट उतरताना दिसला.

आता पुढचा कोण उठतो, याकडे सगळ्यांचे कान होते. इद्वलने नाक शिंकरलं. "पाळकसाहेब," तो म्हणाला, "प्रार्थना आटपा हो. बटाटे गार होतायत. आणि थोडक्यात आटपा, आता एक माणूस कमी आहे."

कोणी तरी हसलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, खरोखरच थोडक्यात. नेस्टा पहिल्या पंगतीत जेवली, गरम गरम. कातरणीच्या दिवशी गरम जेवण म्हणजे काय असतं हे लग्न झाल्यापासून तिला पहिल्यांदा कळलं, आणि ते कळून राग निवण्याऐवजी आणखीच पेटला. खीर आली तेव्हा खरपूस सायीचा कोपरा तिने इद्वलच्या ताटात घातला. ग्विलिमला मधली, पातळ.

"रविवारी मुलांना सांगणार होतो," पाळकसाहेब चाचरत म्हणाले, "ते आता..."

"सांगा ना. नाव तेवढं नीट सांगा."

पाऊस चारच्या सुमारास आला. शेवटच्या काही मेंढ्या भिजल्या आणि तशाच लोकरीसकट डोंगरावर परत गेल्या. एमरिस असता तर त्या राहिल्या नसत्या, हे खरंच होतं, आणि नेस्टाला ते नाकारता येत नव्हतं. त्याचाही तिला रागच आला. त्याने चोरलं, आणि नुकसान परत तिचंच.

माणसं गेल्यावर तिने शिडी लावून चारही क्लॅम्प सोडवले, सोड्याच्या गरम पाण्यात बुडवले आणि जुन्या सुरीने वरचा लाल रंग खरवडायला बसली. पापुद्रे पाण्यात पडत होते.

"गुरुवारी तानग्राइगची कातरणी आहे," ग्विलिम दारातून म्हणाला. "देऊ नकोस तू. पडू दे त्याच्या वायरी जमिनीवर."

"त्याच्या मेंढ्यांनी काही प्रदर्शनात नाव दिलं नव्हतं," नेस्टा म्हणाली. "आणि त्या जमिनीवर इद्वलही उभा राहणार आहे."

"मग मी नेऊन देतो."

"नको. तुम्ही तिथे गेलात की परत गप्प बसाल."

ग्विलिम कापड घेऊन तिच्याशेजारी बसला आणि खरवडून झालेला एकेक क्लॅम्प पुसून ठेवू लागला.

चौथ्याच्या कडीतलं रबर फाटलं होतं. उद्या सकाळी दूध काढून झालं की जुन्या नळीचा तुकडा कापून बसवायचा, आणि गुरुवारी क्लॅम्प बादलीत घालून तानग्राइगला जायचं, ते स्वतःच्या हाताने पाइपला लावायला.