एक पीळ जास्त

तिला सगळे मीटरताई म्हणत. गाड्यांची मीटर दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं, आणि पेट्रोलचा वास आला की ती लांब पळायची. लोकांना हसू यायचं, पण तिच्या कामात पेट्रोल यायचंच नाही. गिऱ्हाईक गाडीतून काढलेलं मीटर पिशवीत घालून आणून द्यायचं. ती खिडकीजवळच्या टेबलावर, डोळ्याला भिंग लावून काटा सरळ करायची, बारीक स्प्रिंग बदलायची, की मीटर पिशवीतून परत. ते गाडीत बसवायचं काम शेजारच्या गाळ्यात तिचा दीर करायचा. तो मेकॅनिक. दोन्ही गाळ्यांच्या मधे दार होतं, पण बावीस वर्षांत ती त्याच्या उंबऱ्याच्या पलीकडे फारशी गेली नव्हती.

अकरा वर्षांची असताना तिनं वडिलांच्या बाहीला आग लागलेली पाहिली होती. पेट्रोलचा पाइप निसटला होता, एवढंच. वडील वाचले, पण मानेपासून कोपरापर्यंत त्यांची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली. पुढे मीटरचं काम त्यांनीच तिला शिकवलं. ‘‘आपलं काम टेबलावर,’’ ते बजावायचे. ‘‘गाडीखाली वाकायचं नाही.’’

त्या आठवड्यात दीर शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमके तेव्हाच दातांचे डॉक्टर आपली स्पोर्ट्स कार घेऊन आले. गडद हिरवी, दोन सीटांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालण्यासारखं. मुलं मार्गी लागल्यावर डॉक्टरांनी हौसेनं घेतली होती.

‘‘वेग वाढला की आचके देते,’’ ते म्हणाले. ‘‘काल हमरस्त्यावर एकदम मंदावली. मागून ट्रक. थोडक्यात वाचलो.’’

‘‘पेट्रोलचं प्रेशर पडत असणार,’’ दीर म्हणाला. ‘‘प्रेशर दाखवणारं गेज बसवू. चालत्या गाडीत काटा पाहिला की कळेल.’’ मग प्लास्टरकडे बघून तो दारातून हळूच म्हणाला, ‘‘वहिनी, हात तुमचे, डोकं माझं.’’

‘‘भाऊजी, मला नाही जमायचं.’’

‘‘परत ट्रक मागे आला तर?’’

तिनं पदर खोचला आणि उंबरा ओलांडला.

दीर स्टुलावर बसून सांगत होता. आधी पंपाचा फ्यूज काढला. मग इंजिन चालू केलं. पाइपातलं पेट्रोल संपलं तसं ते घरघरून बंद पडलं. बॅटरीची वायर सोडवली. आग विझवायचा सिलिंडर तिनं पायाशी ओढून घेतला. पाइपाभोवती फडकं धरून तिनं तो सोडवला, तर आत राहिलेले चार थेंब फडक्यावर सांडले. वास नाकात गेला आणि ती पाना तिथंच टाकून रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

‘‘या बरं आत,’’ डॉक्टर दारातून म्हणाले. ‘‘माझ्या खुर्चीतून रोज चार जण असेच पळतात. भूल देऊन आणतो.’’

तिला हसू आलं नाही, पण ती परतली.

पाइपाच्या मधे तीन तोंडांचा तुकडा बसवला, त्यात प्रेशर मोजणारा सेन्सर घट्ट केला. त्याची वायर रबरी बुचातून आत नेली. आत फक्त वायर, पेट्रोल बाहेरच, हे दिरानं दोनदा सांगितलं तेव्हा तिला जरा बरं वाटलं. गेज स्टिअरिंगजवळ बसलं. राहिल्या दोन क्लिपा. स्क्रू फिरवत ती त्या पाइपावर आवळत गेली.

‘‘बस, पुरे,’’ दीर म्हणाला आणि फोन घ्यायला वळला.

पुरे कसं? सुटला तर? वडिलांची मान तिच्या डोळ्यांसमोर आली. तिनं पटकन अजून एक पीळ दिला.

मग बॅटरी आणि फ्यूज परत जागेवर. किल्ली फिरवताच पंप गुणगुणला, काटा तीनवर जाऊन थांबला. तिनं प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच.

‘‘काटा तुम्ही बघा, मला रस्ता बघू दे,’’ डॉक्टर म्हणाले, आणि सिलिंडर पायाशी घेऊन, जीव मुठीत धरून ती शेजारी बसली.

गावाबाहेर पडल्यावर त्यांनी वेग वाढवला. काटा तीन. आणखी वाढवला. काटा थरथरला, अडीच, दोन, आणि गाडीनं आचका दिला.

‘‘सापडला रोग!’’ डॉक्टर खूश.

तिला तो वास आला. आधी वाटलं, मनाचे खेळ. मग तो पुन्हा आला.

‘‘थांबा.’’

‘‘पुढे वळण...’’

‘‘किल्ली बंद करा! थांबा म्हणते ना!’’

तिचा आवाज ऐकून डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. दोघं धावत बरंच लांब गेले. फोनवर दीर म्हणाला, ‘‘बॉनेट उघडू नका. गार होऊ दे. अर्धा तास लांबच उभ्या राहा.’’ अर्धा तास ती गाडीकडे बघत राहिली. एखादी ठिणगी, बस्स. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

अर्ध्या तासानं डॉक्टर पुढे निघाले. तिनं त्यांना मागे सारलं, गाडीतला सिलिंडर काखेत घेतला आणि स्वतः बॉनेट उघडलं. तिनं आवळलेली क्लिप जुन्या रबरात रुतली होती. पाइप तिथंच चिरला होता आणि खालचा पत्रा ओला होता. इंजिनाचा धूर बाहेर नेणारी गरम नळी त्यापासून जेमतेम वीतभर.

‘‘पाइपच जुना होता,’’ डॉक्टर समजूत काढत म्हणाले.

‘‘नाही. भाऊजी पुरे म्हणाले होते. मी भीतीनं जास्त आवळला.’’ तिला रडू फुटलं. ‘‘मी जाळलं असतं आपल्याला.’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘वास मला आलाच नव्हता, ताई.’’

गाडी ओढून आणली. दुसऱ्या दिवशी नवा पाइप आला, आणि दिरानं सांगितल्यावरून तिनं पेट्रोलचा फिल्टरही बदलला. जुना उलटा केला तर आतून काळा गाळ निघाला; पेट्रोल अडत होतं ते यानंच. ती क्लिपा आवळू लागली. ‘‘पुरे,’’ दीर म्हणाला. तिनं स्क्रूड्रायव्हर लगेच त्याच्या डाव्या हातात देऊन टाकला, नाहीतर तिला राहवलं नसतं.

पुन्हा तोच रस्ता. काटा तीनवर राहिला, वेग वाढवला तरी तीन. डॉक्टर शीळ घालत होते. ती खिडकीशी नाक नेऊन वास घेत होती. परत आल्यावर तिनं दार उघडलं आणि दिरानं उतरायला हात दिला.

प्लास्टर निघेपर्यंतच्या पाच आठवड्यांत तिनं आणखी तीन गाड्यांची कामं केली. प्रत्येक वेळी आदल्या रात्रीचं जेवण गेलं नाही. ज्या दिवशी दिराचा हात मोकळा झाला, त्या दिवशी तिनं पाने पुसून त्याच्या टेबलावर ओळीनं मांडले, ‘‘सुटले बाई,’’ म्हणाली आणि आपल्या टेबलाशी जाऊन भिंग डोळ्याला लावलं.