बिनतारी संचाखालची बॅटरी

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. दुपारी वादळ झालं. वीज गेली, गावातले सगळे फोन बंद पडले. अशा वेळेसाठीच ठाण्यात बिनतारी संच असतो आणि वीज नसली तर त्याच्या खाली बॅटरी. ती आठ तास चालायला हवी. संच सात मिनिटांत बंद पडला. एका मजुरावर झाड कोसळलं होतं. रुग्णवाहिकेसाठी शिपायाला मोटारसायकलवर शेजारच्या तालुक्याला पाठवावं लागलं. त्यात पावणेदोन तास गेले. मजूर वाचला, पण पाय काढावा लागला.

तपासलं तर चांगल्या बॅटरीच्या जागी कुणीतरी जुनी, बसलेली बॅटरी जोडलेली. खबऱ्या म्हणाला, बिनतारीचा हवालदार भंगाराच्या दुकानात दिसला होता. त्याच्या निवृत्तीला चार महिने होते. मी त्याला चौघा शिपायांसमोर उभं केलं.

"बॅटरी कोणाला विकलीस?"

"मी विकली नाही, साहेब."

"मग बदलली कुणी?"

"बदलली मीच."

"काऊन बे म्हातारा झाला न चोट्टा झाला!" एक शिपाई हसला. मी त्याला गप्प केलं नाही.

"कोणाच्या सांगण्यावरून?" मी विचारलं.

"तुमालेच आठवत नाही, त मी इथं काय सांगू?"

मला तो उद्धटपणा वाटला. "चोर आहेस तू," म्हणालो आणि पंचनाम्याला बसलो. बॅटरीचा नंबर उतरवून घ्यायला धूळ पुसली. खाली बॅटरी आणल्याची तारीख मार्करने लिहिलेली होती. घरच्या प्रत्येक बॅटरीवर मी तशी लिहितो. अक्षर माझं होतं.

मग आठवलं. मुलीची परीक्षा होती, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली. "दोन दिवस घरी ठाण्यातली लाव, घरची इथं ठेव," असं मीच त्याला जाता जाता सांगितलं होतं. त्या दोन दिवसांचे एकशे सोळा झाले होते. चाचणी नोंदवहीत रोज 'बॅटरी ठीक', खाली त्याची सही आणि त्याखाली माझी.

दार लावून मी त्याची माफी मागितली. "हाव साहेब, जाऊ द्या," एवढंच तो म्हणाला. चांगली बॅटरी माझ्या घरून परत जागेवर आली. अहवालात मी लिहिलं, 'बॅटरी जुनी झाल्याने निकामी.'

तपासात कागद सहीपासून उलटे वाचत जावेत, आधी स्वतःच्या सहीपासून, हे मी त्यातून शिकलो. पण चोर म्हटलं होतं चौघांसमोर. त्याच्या निरोप समारंभाला ते चौघंही होते. मी त्याच्या प्रामाणिकपणावर दोन मिनिटं बोललो, बॅटरीचा विषय टाळला, हार घातला आणि खाली बसलो.