उलटतपास शिकवताना

पाच वर्षं दर शनिवारी दुपारी मी तालुक्याच्या बार रूममध्ये नव्या वकिलांना आणि लॉ कॉलेजच्या मुलांना शिकवत होते. मला कुणी नेमलं नव्हतं. मी वकिलीला लागले तेव्हा साधा अर्ज कसा लिहायचा हेही कुणी दाखवलं नव्हतं. आपल्यामागून येणाऱ्यांचे तसे हाल होऊ नयेत आणि गरीब बायांना चांगला वकील मिळावा, एवढंच वाटायचं.

पहिल्याच वर्षी बेलापूरची एक मुलगी आली. आजोबांपर्यंत घरात भिक्षुकी, वडील शाळेत मास्तर. काळा कोट घातलेली ही पहिलीच. आवाज इतका बारीक, की न्यायाधीश "काय म्हणालात?" असं दोनदा विचारत आणि हिचे डोळे भरून येत. कोर्ट उठल्यावर मी तिला रिकाम्या दालनात उभी करून बोलायला लावायची. उलटतपास शिकवताना मीच पिंजऱ्यात साक्षीदार म्हणून उभी राहायची. "हो किंवा नाही, एवढंच काढून घ्यायचं. 'पण' म्हणू द्यायचं नाही," हे तिच्या अगदी अंगवळणी पडेपर्यंत घोकून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात तिला स्वतंत्रपणे उलटतपास घ्यायचा होता. माझी कामं आटोपून मी कौतुकानं मागच्या बाकावर जाऊन बसले.

पुणतांब्याची एक बाई नवऱ्याकडे पोटगी मागत होती. आमची बेलापूरची मुलगी नवऱ्याच्या बाजूनं. बाईचे वकील पन्नाशीचे, नोकरी सोडून उशिरा वकिलीत आलेले. तेही अधूनमधून माझ्या शनिवारच्या वर्गाला येत.

"तुम्ही शिवणक्लास केला आहे?" मुलीनं विचारलं. आवाज थेट माझ्यापर्यंत आला.

"व्हय."

"शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज तुम्ही शिवून दिलेत?"

"दिलेत, पन ते..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"व्हय."

"मशीन तुमच्या स्वतःच्या नावावर घेतलेलं होतं?"

"व्हय, पन मशीन आता..."

"एवढंच विचारायचं होतं, साहेब."

बाईनं तिच्या वकिलांकडे पाहिलं. आपल्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारायची संधी असते, त्या फेरतपासात त्यांनी 'मशीन आता कुठे आहे?' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. ते कागद चाळत होते. "फेरतपास नाही," म्हणाले. मला बाकावरून ओरडावंसं वाटलं. पण दुसऱ्याच्या दाव्यात मी कोण बोलणार?

बाहेर व्हरांड्यात बाई भिंतीला टेकून उभी होती. न राहवून मी विचारलं, "मशीनचं काय सांगत होतात?"

"इकलं ना ताई. पोरगा दवाखान्यात हुता तवा. दोन वर्सं झाली, घरात सुईसुद्दा न्हाई. पन त्या बाई बोलूच देईनात."

मी तिच्या वकिलांना गाठलं. बाईला पुन्हा साक्षीला बोलावण्याचा अर्ज द्या, म्हटलं. "बघतो मॅडम," ते म्हणाले. आठवड्यानं परत आठवण केली तर चिडले. "दावा तुम्ही चालवताय का?" अर्ज काही झाला नाही.

साक्ष झाली त्याच संध्याकाळी मुलगी पेढे घेऊन माझ्या घरी आली होती. "कसं झालं मॅडम?"

मी मशीनचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. अगदी हळू म्हणाली, "पण 'पण' म्हणू द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं आपल्या पक्षकाराचं काम चोख केलं होतं. मी पेढा हातात धरून बसले. तो खाववेना आणि खाली ठेववेना.

निकालात मुलाला पोटगी मिळाली. बाई शिवणकाम करून स्वतःचं पोट भरू शकते, म्हणून तिला काही नाही.

त्यानंतरचे तीन शनिवार मी गेले. पोरं वह्या उघडून बसायची, मी बोलायची आणि मधेच थांबायची. ज्यांना चांगला वकील परवडतो, त्यांच्याच हाती मी हे सगळं देत होते, असं मनात यायचं. ज्यांच्यासाठी शिकवते असं समजत होते, त्या बाया माझ्या वर्गात कधी आल्याच नव्हत्या. चौथ्या शनिवारी गुडघे दुखतात म्हणून कळवलं. अजूनही कुणी ना कुणी फोन करून विचारतं, "मॅडम, वर्ग कधी सुरू करताय?" मी गुडघ्यांचंच सांगते. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.