मंगळवारचं आयर्लंड

मला खरं तर केक सजवायचा क्लास हवा होता. तो भरला, म्हणून कौन्सिलच्या बाईंनी मला आयर्लंडच्या इतिहासात बसवलं. पुण्याहून मी इतिहासात एम. ए. करून आले होते, पण बर्मिंगहॅममध्ये माझी ओळख ‘डॉक्टरांची मिसेस’ एवढीच. पहिल्याच मंगळवारी तरुण मास्तरांनी फळ्यावर नकाशा लावला. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजाने आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या कॅथलिक सरदारांच्या जमिनी काढून इंग्लिश आणि स्कॉटिश प्रोटेस्टंटांना कशा वाटल्या, हे ते सांगू लागले आणि केक कुठल्या कुठे गेला. ती संध्याकाळ माझी झाली. त्या दिवशी कुकर हे लावायचे.

आम्ही बरोबर आठ जण होतो. त्याहून कमी झालो की वर्ग बंद, असा कौन्सिलचा नियम. त्यातले दोघे मूळचे अल्स्टरचेच. एक कॅथलिक म्हातारबुवा, जन्मभर रस्त्यांच्या कामावर राबलेले. दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका, त्या जमिनी मिळालेल्या स्कॉटिश घराण्यातल्या. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

नोव्हेंबरात ठिणगी पडली. म्हातारबुवांनी नकाशावर बोट ठेवलं. “ही टेकडी आमची होती. आम्हाला खाली दलदलीत हाकललं.”

“आणि पुढे तुम्ही उठाव करून आमची बायकापोरं भर थंडीत उघड्यावर काढलीत, ते?” बाई म्हणाल्या. “इतक्या पिढ्या तिथे राहिल्यावर आम्ही आता जायचं कुठे?”

आवाज चढत गेले. मला राहवेना. “जाऊ द्या हो, किती जुनी गोष्ट!” मी म्हटलं. नको तिथे शहाणपणा करायची खोडच आहे मला.

दोघंही एकदम माझ्याकडे वळले. “तुमच्या देशाबद्दल असं म्हणाल का?” बाईंनी विचारलं, आणि म्हातारबुवांनी मान डोलावली. त्या वर्गात त्यांचं पहिलं एकमत झालं ते माझ्याविरुद्ध.

पुढच्या मंगळवारी दोघंही आले नाहीत. मास्तर म्हणाले, अजून एक आठवडा बघू, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

“अहो, माझ्यामुळे क्लास बंद पडतोय,” मी घरी सांगितलं.

“अगं, मग लायब्ररीतून बुक्स आण ना. सेम हिस्टरी!”

सेम कसली डोंबलाची! मला रडूच आलं. शनिवारी मास्तरांकडून दोघांचे पत्ते घेतले आणि बस पकडली.

म्हातारबुवांनी ओशाळून दार उघडलं. “तुमच्यावर राग नाही हो,” ते म्हणाले. “आवाज चढला माझा, त्याची लाज वाटली. इथे पबमध्ये आयरिश अतिरेक्यांचे बॉम्ब फुटले तेव्हापासून मी बसमध्येसुद्धा तोंड उघडत नाही. बोली ऐकली की लोक वळून बघतात. त्या वर्गात उघडलं, तर हे असं.” मग हळूच म्हणाले, “त्या बाई येतात का?”

बाईंकडे चहा मिळाला. “इथल्यांना आम्ही सगळे आयरिश सारखेच,” त्या म्हणाल्या. “ती टेकडी माहीत असलेला एकच माणूस या शहरात भेटला आणि त्यालाच मी टोचून बोलले. आता कुठल्या तोंडाने येऊ?” मी सांगितलं, तेही तुमचीच चौकशी करत होते.

मंगळवारी दोघं आले आणि चहाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा जुंपली. मला कोण आनंद झाला!

सुट्टीत म्हातारबुवांनी मला विचारलं, “तुमच्याकडे कुणी कुणाची जमीन घेतली?”

मी सांगितलं. गावी आमच्या चुलत्यांनी दरवर्षी थोडा थोडा बांध कोरला आणि बांधावरचा आंबा त्यांच्या शेतात ओढला. म्हातारबुवा लगेच माझ्या बाजूने झाले. बाई मात्र म्हणाल्या, “पण इतकी वर्षं त्या झाडाची राखण कुणी केली?”

“लावलं माझ्या आजोबांनी!” मी ओरडले. “राखण केली म्हणून झाड त्यांचं होतं का?”

सगळा वर्ग बघत राहिला. या देशात आल्यापासून मी कुणावर आवाज चढवला नव्हता. मी ‘सॉरी’ म्हणून घाईने चहाचा कप तोंडाला लावला.

बाईंनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली. “थांबलात का?” त्या म्हणाल्या. “बोला ना.”